लेबलावरची दुसरी सही

सायप्रस बेंड
१४ सप्टेंबर २०१७

जीनी,

हे पाकीट न फाडता उघडलंस, म्हणजे माझं अर्धं काम झालं. माझं अक्षर ओळखून तू ते तसंच कचऱ्यात टाकशील या भीतीने वरचा पत्ता आपल्या सरबतवाल्या युला मेकडून लिहून घेतला. लिहिता लिहिता ती म्हणाली, "सख्ख्या बहिणीला पत्र धाडायला हे असं चोरासारखं?" मी म्हटलं, तू आपलं सरबत बघ. तर म्हणते, "चार वर्षं झाली. आता एकाने तरी मान खाली घाला. दोघंही अगदी बापावर गेलात." पंचाहत्तरी आली तरी या बाईची जीभ काही थकत नाही.

तिकडे उत्तरेत दुलुथला आतापासूनच थंडी पडली असेल. लेकीच्या घरात तुला वेगळी खोली आहे ना? इथे अजून घामाच्या धारा लागल्यात. मागच्या अंगणातल्या पेकनच्या झाडाला यंदा उदंड फळ धरलंय आणि वेचायला कोणी नाही. खारींची चंगळ आहे. औषधांचं दुकान चाललंय. नेहमीच्या गोळ्यांना लोक हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात जातात. हाताने बनवून लागतं तेवढं आपल्याकडे येतं. लहान मुलांची गोड औषधं, मलमं, घोड्यांचं काहीबाही. दुकानातल्या सरबताच्या कट्ट्यापुढची सातही स्टुलं शाबूत आहेत.

परवा तिथे ट्रुडी लोमॅक्स येऊन बसली. आजी झालीय गं ती. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आली होती, नातीला घेऊन. दोघी लिंबाचं सरबत पीत बसल्या आणि मी मागच्या काचेतून बघत राहिलो. तिला बिचारीला काहीच ठाऊक नाही.

बासष्ट सालचा उन्हाळा. ट्रुडी सहा आठवड्यांची, तिला झटके यायचे, आणि डॉक्टरांनी पुड्या लिहून दिलेल्या. मी कॉलेजातून सुट्टीला आलेलो. एकोणिसाव्या वर्षी माणसाला सगळंच येत असतं, तसं मलाही येत होतं. मापात दशांशचिन्ह एक घर चुकलो, पुडी दहापट झाली. डॅडींनी घाईत नजर टाकून मान डोलावली. तू पंधरा वर्षांची, कागदाला घड्या घालत बसलेली. हातातली घडी तशीच सोडून तू म्हणालीस, "एवढ्याशा बाळाला एवढी मोठी पुडी?"

डॅडींनी पुडी पुन्हा मोजली, आठवतं? भर दुपारी दुकानाला कुलूप लावलं, आपल्याला आणि आईला गाडीत घातलं आणि थेट ओढ्यावर नेलं. टरबूज पाण्यात गार करायला ठेवलं आणि गार झाल्यावर कापलं. मग माझ्या हातात फोड देत म्हणाले, "आजपासून या दुकानात बनवेल तो एक आणि बघेल तो दुसरा. लेबलावर दोघांच्या सह्या. एकट्याच्या हातचं औषध दाराबाहेर जायचं नाही." ते टरबूज किती गोड होतं, आणि मी एक घास घेऊन फोड ओढ्यात सोडून दिली. पुढे तूही फार्मसी शिकलीस, लग्न करून आडनाव बदललंस, तरी बाटल्यांवर शाळेतल्या नावाचं आणि माहेरच्या आडनावाचं आय. एच. च लिहीत राहिलीस. एल. एच. आणि आय. एच. पन्नास वर्षं. माझ्या उभ्या आयुष्यात त्याहून चांगलं काही मी केलेलं नाही.

हे सगळं गोड गोड लिहिलं, कारण पुढचं लिहायला जीभ रेटत नाही. हाताने लिहितोय, तरी जीभच अडतेय.

क्लिफ्टन यारब्रोचं तिकडच्या पेपरात आलं असेल. सतरा ऑगस्टला इथल्या तुरुंगात त्याला इंजेक्शन देऊन मृत्युदंड दिला. ते औषध माझ्या हातचं होतं.

तू निघालीस तेव्हा मी शब्द दिला होता, हे औषध एकदाच, पुन्हा नाही. तो मी पाळला नाही. त्यानंतर आणखी तीनदा बनवलं. आता तू हे पत्र फाडणार असशील तर फाड. पण मी पुढचंही लिहिणार आहे.

तुझा थोरला,
लोवेल


२ ऑक्टोबर

जीनी,

पत्र परत आलं नाही, म्हणजे उघडलंस. उत्तरही आलं नाही. ठीक आहे, ऐकून तरी घे.

तो टॉलिव्हर चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा आला, तो मार्च महिना मला रोज आठवतो. तुरुंग खात्याचा माणूस, टोपी हातात धरून मागच्या दाराने आला, आणि बोलणं किती मऊ. परदेशातल्या ज्या कंपनीकडून सरकार हे औषध घेत होतं, तिला ते कशाला वापरतात हे कळलं आणि तिने विकणंच थांबवलं. इथल्या मोठ्या कंपन्यांनी हात वर केले. उरलो आपण, गावोगावचे खलबत्तेवाले. "तुमचं नाव कुठेही येणार नाही, तसा कायदाच केलाय," म्हणाला. मी त्याची चिठ्ठी तुझ्यापुढे सरकवली. तू चष्मा कपाळावर चढवून विचारलंस, "लोवेल, यात रुग्णाचं नाव कुठाय?"

मी म्हटलं, रुग्ण असा कोणी नाही.

"मग याच्यावर मी सही करणार नाही," म्हणालीस, आणि पेनाला टोपण लावलंस. पुढच्या रविवारी तू दुलुथच्या गाडीत होतीस.

मी तेव्हा काय म्हणालो ते मला पाठ आहे. म्हणालो, हे होणारच आहे. एखाद्या अडाण्याच्या हातून वेडंवाकडं होण्यापेक्षा जाणत्याच्या हातून सुखाने होऊ दे. जीनी, मला ते मनापासून वाटत होतं. मोठेपणाचा कैफ होता तो, दुसरं काही नाही. अख्ख्या राज्यात आपल्याएवढं चोख कोणी बनवत नाही, हे टॉलिव्हरने म्हटलं आणि मी हुरळलो. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तसं.

आता यंदाचं ऐक. यारब्रोसाठी मार्चमध्ये दहा कुप्या बनवल्या. या औषधाची मुदत पंचेचाळीस दिवस. कोर्टाने त्याची तारीख पुढे ढकलली आणि जुलैच्या शेवटी टॉलिव्हर तोच खोका घेऊन दारात.

"मुदत टळलीय. नवीन बनवून द्या."

म्हटलं, "पावडर कुठून आणू? ज्याच्याकडून यायची, त्याने नाव बाहेर पडेल म्हणून धंदाच आवरला. ही शेवटची पुडी होती."

"मग हेच तपासा आणि तारीख वाढवून द्या. तुमच्यासारख्याला काय अवघड आहे, मिस्टर हॅचेट."

ज्या प्रयोगशाळेत आपण मलमं तपासायला पाठवायचो, तिथे फोन केला. बाई म्हणाल्या, "आम्हाला यात ओढू नका," आणि ठेवून दिला. दुसऱ्या दोन ठिकाणीही तेच. तेव्हाच टॉलिव्हरला सांगायचं होतं, बाबा रे, होणार नाही. पण मला नाही म्हणायची लाज वाटली. नेमकी कसली लाज, ते आता विचारू नकोस.

मी कुप्या खिडकीशी नेल्या. एकेक उजेडात धरली. स्वच्छ दिसल्या. मोतीबिंदू वाढलेल्या म्हाताऱ्याला स्वच्छ दिसल्या, असं म्हण. एका कुपीत चाचणीचा कागद बुडवला, रंग ठीक वाटला. मग जुनी लेबलं कोमट पाण्यात सोडवली, नवी चिकटवली आणि डिसेंबरअखेरची तारीख घातली.

यारब्रोला पाच कुप्या लागल्या. तिथे हजर असलेल्या बातमीदाराने लिहिलंय, तो दोनदा म्हणाला, "जळतंय." दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा सुरुवात होऊन सहा मिनिटं झाली होती. ते सुखाने व्हायचं होतं ना? मी सांगितलं होतं ना तुला, सुखाने?

पेपर वाचला आणि मी आतल्या खोलीत गेलो. दर वेळी दहांवर एक जादा, बिनलेबलाची कुपी मी आपल्याकडे ठेवतो, डॅडींची शिस्त. ती चष्म्यावर भिंग धरून बघितली. तळाला पांढरी भुकटी बसलेली. औषध जुनं झालं की ते असं खाली बसतं, आणि असलं औषध शिरेत गेलं तर आग होते, हे कॉलेजच्या पोरालाही माहीत असतं.

टॉलिव्हर आठवड्याने आला. म्हणाला, "सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं. पेपरवाल्यांना काय, तिखटमीठ लावायचंच असतं."

मी विचारलं, उरलेल्या पाच कुप्या?

"आहेत ना. नऊ नोव्हेंबरला रॉयस टिंडलसाठी."

"त्या परत आणा. त्या खराब झाल्यात."

तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "मिस्टर हॅचेट, डिसेंबरची तारीख तुम्हीच घातलीय. आम्ही लेबल बघून चालतो."

टिंडल काही साधू नाही. पेट्रोल पंपावरच्या एका बाईला त्याने मारलं, ते त्याने कबूल केलंय. तिचा नवरा अजून टपालात काम करतो, शेजारच्या गावात. मला टिंडलचा पुळका आलेला नाही. पण त्याला त्या कुप्यांतलं द्या असं कुठल्याही न्यायाधीशाने सांगितलेलं नाही. ते फक्त मी सांगितलंय, लेबलावर.

गेल्या आठवड्यात टिंडलच्या वकील बाईंचं पत्र आलं. राज्यातल्या हाताने औषध बनवणाऱ्या प्रत्येकाला पाठवलंय: काही ठाऊक असेल तर कळवा. युला मेने ते माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "तुम्ही हे तीनदा वाचलंत. मला काही सांगायचं नसेल तर नका सांगू, पण जेवा तरी." तिने मक्याचा पाव आणि भेंडी केली होती. मी जेवलो नाही.

लोवेल


११ ऑक्टोबर

जीनी,

काल राजधानीला जाऊन आलो. तीन तास गाडी हाकली, गुडघे धरले. वकील बाई म्हणजे मिस ब्रूसार्ड. माझ्या पायातले जोडे तिच्यापेक्षा वयाने मोठे असतील. एका केकच्या दुकानावर तिचं ऑफिस आहे, जिना चढेपर्यंत साखरेचा वास, आणि मला एकदम आपला कट्टा आठवला. पीचचं आइस्क्रीम हँडलने फिरवताना आपण डब्यावर बसायला भांडायचो ते. माझ्यासारख्याने असल्या जागी असल्या वेळी आइस्क्रीम आठवावं, याला काय म्हणायचं.

सगळं सांगितलं. मुदत, भिंग, मोतीबिंदू. ती लिहून घेत होती. मग तिने पेन ठेवलं.

"तुमची कुपी मी कोर्टात दाखवीन. सरकारी वकील म्हणतील, ही यांच्या दुकानात राहिली, आमची तुरुंगात. आमची उत्तम आहे. आणि तपासायला ते देणार नाहीत."

"मग माझं प्रतिज्ञापत्र?"

"म्हणतील, म्हाताऱ्याला पश्चात्ताप झालाय. पश्चात्ताप म्हणजे पुरावा नव्हे. त्यांच्याकडे लेबल आहे." तिने एक कागद फिरवून माझ्यापुढे ठेवला. कोर्टाच्या हुकमाने मिळालेली लेबलाची प्रत, दुकानाचं नाव काळं केलेलं. "ते म्हणतात, दोन अनुभवी फार्मासिस्टांनी स्वतंत्रपणे तपासलंय. एकाचं चुकलं असेल, पण दोघांचं? हे एल. एच. तुम्ही. आय. एच. कोण?"

आता धीर धरून वाच. निदान ही ओळ संपेपर्यंत तरी.

आय. एच. मी लिहिलं. मार्चमध्ये, जुलैमध्ये, आणि त्याआधीही. तू गेल्यावर पहिल्याच खेपेपासून.

त्यांच्या कागदावर दोघांनी तपासल्याची अट होती हे खरं. दुसरा माणूस ठेवला असता तर त्याला सांगावं लागलं असतं, हेही खरं. पण पहिल्यांदा लिहिलं ते अटीमुळे नाही. माझी सही केली आणि पुढची जागा रिकामी दिसली. पन्नास वर्षांत ती कधी रिकामी बघितली नव्हती. हात आपोआप गेला. तुझा तो आय, वरून जरा डावीकडे झुकलेला, मला डोळे मिटून काढता येतो. आणि जीनी, खोटं कशाला बोलू, ते लिहिताना तू पलीकडच्या टेबलाशी बसली आहेस असं वाटायचं. मला बरं वाटायचं. तू ज्या कामासाठी मला सोडून गेलीस, त्याच कामाच्या बाटल्यांवर मी तुला दर वेळी परत आणून बसवत होतो.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मिस ब्रूसार्डला काल सांगितलं. तिने लेबलाची प्रत पुन्हा स्वतःकडे ओढून घेतली. मग म्हणाली, "मिस्टर हॅचेट, हे कळल्यावर लेबल टिकत नाही. दुसऱ्या माणसाने बघितलंच नाही असं सिद्ध झालं, तर तारीखही खोटी, तपासणीही खोटी. पण हे तुमच्या तोंडून उपयोगाचं नाही. तुमच्या बहिणीच्या तोंडून हवं. इथे येऊन, शपथेवर."

मी म्हटलं, ती माझ्याशी बोलत नाही.

"तुमच्याशी नाही बोलल्या तरी चालेल. कोर्टाशी बोलल्या की पुरे."

परिणाम काय होतील ते स्पष्ट सांगतो, म्हणजे नंतर लपवलं म्हणायला नको. खोटी सही आणि वाढवलेली तारीख, दोन्हींसाठी माझा परवाना जाईल. दुकान बंद होईल. ते अर्धं तुझं आहे, डॅडींनी तसं लिहून ठेवलंय, तेव्हा तुझंही जाईल. सुनावणी बंद दाराआड असली तरी गावाला कळायचं ते कळेल. तुझं नाव या सगळ्यात येईल, तेही माझ्यामुळे, आणि आलंय ते तू काहीही न करता. तू आली नाहीस तर मी तुला दोष देणार नाही. पण मग नऊ तारखेला त्या पाच कुप्या वापरतील, आणि त्यांच्यावर तुझं नाव असेल.

हे धमकीसारखं वाटतंय. खोडायचं म्हणून पेन उचललं, पण ते खरं आहे, म्हणून राहू देतो.

मिस ब्रूसार्डचा फोन नंबर आणि पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलाय. माझ्याशी बोलायची गरज नाही.

लोवेल


२३ ऑक्टोबर

जीनी,

तुझं कार्ड मिळालं. चार वर्षांनी एक ओळ: "माझं नाव किती वेळा लिहिलंस?" बाकी कोरं. युला मे म्हणाली, "काही का असेना, आलं ना?" आणि कार्ड कट्ट्यामागे आरशाला लावायला निघाली. मी काढून घेतलं.

विचारलंस तर सांगतो. चार खेपा, दर खेपेला दहा कुप्या. शेवटच्या दहांवर दोनदा. पन्नास.

तू कुप्या विचारल्यास की माणसं, ते कार्डावरून कळत नाही. माणसं चार. त्यांची नावं मला पाठ आहेत, कारण दर वेळी मी पेपर आणून वाचायचो, सगळं सुरळीत झालं का बघायला. पहिल्या तिघांचं सुरळीत झालं, असं पेपरात होतं. आता त्याही बातम्यांवर माझा विश्वास राहिलेला नाही. मी त्या परत काढून वाचतो आणि कुणी काही म्हणालं होतं का ते शोधतो.

माफी मागत नाही. मागितली तर तुला ती द्यायची की नाही हे ठरवत बसावं लागेल, आणि तुझ्याकडे त्याहून तातडीचं काम आहे. सुनावणी दोन नोव्हेंबरला सकाळी दहा वाजता.

इथे उतरायचं झालं तर तुझी खोली आहे तशी आहे. चादरी युला मेने धुतल्यात. मी सांगितलं नव्हतं.

लोवेल


४ नोव्हेंबर

जीनी,

तू मोटेलात उतरलीस आणि त्याच संध्याकाळच्या विमानाने गेलीस, हे मिस ब्रूसार्डकडून कळलं. मी रागावलेलो नाही. युला मे रागावलीय. तिने तुझ्यासाठी पेकनचं गोड केलं होतं, ते आता आम्ही दोघं खातोय.

न्यायाधीशांनी काल निकाल दिला. त्या पाच कुप्या वापरायच्या नाहीत, टिंडलची तारीख रद्द. सरकार दुसरीकडून औषध शोधेलच, मिस ब्रूसार्डला त्याबद्दल शंका नाही. पण ते माझं नसेल आणि त्यावर तुझं नाव नसेल. टॉलिव्हर बाहेर भेटला, टोपी डोक्यावर ठेवून सरळ पुढे निघून गेला. परवान्याच्या मंडळाचे दोघं कालच येऊन कपाटांना सील लावून गेले. सरबताला सील नाही म्हणून युला मे आज कट्टा उघडून बसली होती. ट्रुडी लोमॅक्स आली आणि गोळ्या मिळणार नाहीत म्हटल्यावर विचारात पडली. मी तिला हमरस्त्यावरच्या दुकानाचा पत्ता दिला. आपल्या दुकानातून मी हे सांगेन असं कधी वाटलं नव्हतं, आणि सांगताना मला रडू आलं. ती मला समजावत होती.

तू किती वाळलीस गं. केस कापलेस. तुला साक्षीच्या जागेकडे काठी टेकत जाताना बघितलं आणि मी बाकावरून अर्धा उठलो. सरकारी वकिलाने विचारलं, "एकतीस जुलैला तुम्ही कुठे होतात?" तू म्हणालीस, "दुलुथच्या इस्पितळात. गुडघा बदलला." कागद पुढे केलेस. तुझा गुडघा बदलला आणि मला पत्ता नाही. त्याच दिवशी मी इथे खिडकीशी बसून तुझी सही करत होतो.

पाऊण तास तू मला "मिस्टर हॅचेट" म्हणत होतीस. मिस्टर हॅचेट यांनी मला चिठ्ठी दाखवली. मिस्टर हॅचेट यांना मी नकार दिला. एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, हेच माझ्या वाट्याचं आहे.

मग त्या वकिलाने लेबलाची प्रत तुझ्यापुढे धरली आणि जरा कुत्सितपणे विचारलं, "दोनच तर अक्षरं आहेत. ती तुमची नाहीत हे इतक्या खात्रीने कसं सांगता?" तू कागद जवळ घेतलास. चष्मा कपाळावर चढवलास. बराच वेळ बघितलंस. मला वाटलं, आता तुझा आवाज चढणार.

आवाज उलट उतरला. जे बोललीस ते टंकलेखक बाईंना ऐकू गेलं नाही, त्यांनी पुन्हा सांगायला लावलं, आणि तू पुन्हा सांगितलंस, थोडं मोठ्याने. ते पान मी मिस ब्रूसार्डकडे मागितलं. ती म्हणाली, सुनावणीचे कागद सीलबंद आहेत, तुम्हालाही मिळणार नाहीत. म्हणून मीच इथे लिहून ठेवतो. या वेळी तुझ्या तोंडचं आहे, जसंच्या तसं, दोनदा म्हटलेलं:

"हे माझ्या भावाचं अक्षर आहे."

लोवेल